सिस्टरांचा क्षमेचा पेपर

सिस्टर प्रार्थनेला बसल्या की शेजाऱ्यांना वाटायचं, घरात भांडण जुंपलंय. मी त्यांच्याकडे राहायला आले त्या पहिल्याच सकाळी मलाही तसंच वाटलं. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, "तुला किती वेळा सांगायचं? गुडघ्याचं काय झालं? त्या समोरच्या पोरीच्या नोकरीचं काय झालं? ऐकतोयस ना, का तुझ्याकडंही लाईट गेली?" मला वाटलं, फोनवर कुणाला तरी झापतायत. तेवढ्यात "आमेन" ऐकू आलं आणि त्याच्या पाठोपाठ कुकरची शिट्टी.

सिस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव होतं, पण ते फक्त लाईटच्या बिलावर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य काढून त्या रोह्यातच निवृत्त झाल्या होत्या. स्टेशनवर उतरून नुसतं "सिस्टरांकडे" म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. गावातली अर्धी माणसं त्यांच्याच हातून जगात आलेली. बाजारात एखादा मिशाळ दुकानदार कांद्याच्या भावावरून हुज्जत घालायला लागला, की त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, "मला नको शिकवू. तुला उलटा धरून पहिला फटका मी मारलाय." तो लाजून पिशवी भरायचा.

मी घाटावरची. रोह्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली, म्हणून खोली शोधत त्यांच्या दारात गेले होते. चौकटीवरचा क्रूस बघून जरा थबकले. त्यांच्या ते बरोबर लक्षात आलं.

"काय गो, घाबरलीस? आम्ही माणसं खात नाय. मासे खातो. तू खातेस का तेवढं सांग."

खाते म्हटलं. खोली मिळाली. माझी जात, माझं गाव, माझं लग्न, यातलं काहीही त्यांनी कधी विचारलं नाही. माझं बीपी मात्र दर आठवड्याला बघायच्या, मला काही होत नसतानासुद्धा.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात. सिस्टरांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, घेतलं. पोस्टाने धडे यायचे, त्यावर निबंध लिहून पाठवायचे, आणि अधूनमधून पनवेलला जाऊन वर्गात बसायचं. वर्गात सगळी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला निघालेली तरुण पोरं. इस्त्रीचे शर्ट, बायबलला चेनचं कव्हर. त्यांच्यात ह्या पांढऱ्या केसांच्या, पिशवीत डबा आणि डब्याखाली बीपीचं मशीन. शिकवणारे रेव्हरंड भले गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सिस्टर, या वयात हे शिक्षण कशासाठी?"

"थोड्या दिवसांनी वर जायचंय," सिस्टर म्हणाल्या. "तिथं मला काही प्रश्न विचारायचेत. समोरचा लय हुशार हाय म्हणतात. तयारी नको?"

निबंधांचं शुद्धलेखन तपासायचं काम आपोआपच माझ्याकडे आलं. मी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. मजकुराला हात लावायची परवानगी नव्हती. "वेलांटी तुझी, मत माझं," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मतं मात्र अशी असायची की माझ्या हातातला पेन थांबायचा. मोहावरच्या निबंधात त्यांनी एदेन बागेतल्या फळाची गोष्ट घेतली होती. सापानं भुलवलं, हव्वा भुलली, इथपर्यंत ठीक. पुढे लिहिलं होतं, "पण आदाम तिथेच उभा होता. एवढं सगळं बोलणं चाललेलं असताना त्याने तोंड का उघडलं नाही? आणि उघडलं ते एकदम खायलाच. मग देवाने विचारल्यावर लगेच बायकोकडे बोट. माझ्या नोकरीत मी असे पुष्कळ आदाम पाहिले. ते प्रसूतिगृहाच्या बाहेर तंबाखू मळत उभे असतात."

रेव्हरंडांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला होता: "मुद्दा विचार करण्यासारखा. विनोद टाळावा."

"विनोद कुठं केला मी?" सिस्टर मला विचारत होत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मोहाच्या बाबतीत त्यांचा अभ्यास प्रात्यक्षिकासकट असायचा. ईस्टरच्या आधीच्या, लेंटच्या उपासाच्या दिवसांत त्या मासे सोडायच्या. सुकट, जवळा, सोडे, सगळं बंद. आणि नेमक्या त्याच दिवसांत रोज माझ्यासाठी काहीतरी करायच्या. सोड्याचं कालवण असं शिजवायच्या की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मग मला वाढून, समोर पाट मांडून, नुसता वरणभात घेऊन बसायच्या. डोळे माझ्या ताटावर.

"सिस्टर, तुम्ही असं बघितल्यावर मला घास जात नाही."

"खा गो. मोह कपाटात बंद करून उपास केला तर तो उपास कसला? ती टंचाई झाली."

"मग होतंय का मन घट्ट?"

"कसलं घट्ट! सकाळी डबा उघडून वास घेतला. वास घेण्यात पाप हाय का ते उद्या रेव्हरंडला विचारते."

त्यांनी खरंच विचारलं. वर्गातल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर दोन दिवस वाद चालला होता.

पण या सगळ्या धडाडीत एक खाच होती, आणि ती होती पेण. पनवेलला जाताना गाडी पेणच्या स्टँडवर थांबायची. वडखळ मागे पडलं की सिस्टर डोळे मिटून घ्यायच्या. झोप नव्हे, मुद्दाम मिटलेले. "पेण गेलं की सांग," म्हणायच्या. ट्रेनने गेलो तरी तेच. मी पहिल्यांदा त्यांच्या सोबतीला गेले तेव्हा भाबडेपणाने विचारलं, "गाडी लागते का तुम्हाला?"

"मला नाय लागत. आमच्या मालकांना लागली."

त्यांचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. रोहा-पेण गाडी चालवायचा. ही हकिगत त्या अगदी हवापाण्यासारखी सांगायच्या, "रोज जायचा आणि यायचा. एक दिवस पेणला उतरला तो उतरलाच." पेणजवळच्या खाडीकडच्या एका गावची बाई होती. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची, रोज त्याच गाडीने पेणपर्यंत जायची. तिच्याबरोबर त्याने पेणमध्ये बिऱ्हाड थाटलं. सिस्टर तेव्हा ऐन तिशीत होत्या. घटस्फोट झाला नाही, भांडण झालं नाही, कोर्टकचेरी झाली नाही. फक्त त्या दिवसापासून सिस्टरांच्या नकाशातून पेण पुसलं गेलं. कुणी पेणचे पापड आणून दिले तरी त्या शेजारी देऊन टाकायच्या.

त्यामुळे झालं असं, की थिऑलॉजीचे बाकी पेपर एकामागून एक सुटले आणि क्षमेचा पेपर तेवढा राहिला. निबंध पाठवायची मुदत गेली, मग वाढवून दिलेलीही गेली. त्या लिहायला बसायच्या, वर "क्षमा" असं ठळक लिहून खाली रेघ मारायच्या, आणि उठून भांडी घासायला घ्यायच्या. एकदा त्यांनी रेव्हरंडांनाच फोन लावला. मी शेजारीच होते.

"रेव्हरंड, क्षमा मागायला माणूस आपल्या दारात यायला हवा, का आपण घरपोच द्यायची?"

"घरपोच, सिस्टर. मागण्याची वाट बघायची नाही."

"आणि घेणारा घरात नाय म्हणून परत आली तर?"

मग रेव्हरंड म्हणाले, "तुम्ही निबंध लिहा. घाई नाही."

"बघ, त्याला पण येत नाय," फोन ठेवून सिस्टर समाधानाने म्हणाल्या.

मे महिना होता. शाळेला सुट्टी लागली होती, पण मी पेपर तपासायचे म्हणून थांबले होते. सकाळीच अंगाची लाही होत होती. सिस्टर ओट्यावर बसून एका म्हाताऱ्याला इंजेक्शन देत होत्या आणि त्याला सांगत होत्या, "मागची गोळी घेतली नाहीस, ते मी माफ केलं. ही नाय घेतलीस तर माझ्या दारात येऊ नको." तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. ठेंगणी, सावळी, पन्नाशी उलटलेली. केस नीट विंचरलेले नव्हते. फाटकाच्या गजावर ठेवलेल्या तिच्या बोटांच्या नखांत सोनेरी रंग भरलेला होता.

"सिस्टर हायेत का?"

"मीच."

"मी पेनवरनं आलेय."

नाव तिने सांगितलं नाही. सिस्टरांनी विचारलंही नाही. म्हाताऱ्याच्या दंडावरचा कापूस तेवढा त्यांनी नीट दाबून धरला, त्याला म्हणाल्या, "चोळत चोळत घरी जा," आणि तो गेल्यावर विचारलं, "गेला?"

"पहाटं."

"आत ये."

ती आत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. मी पाणी दिलं. तिने तांब्या दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायली नाही. मग सांगायला लागली. बरेच दिवस आजारी होता. शेवटी शेवटी म्हणायचा, मला जाळू नको, माती दे.

"आमच्यात कुनाला ठावं नाय माती कशी देतात, काय बोलतात. पनवेलच्या तुमच्या चर्चच्या पालकसायबांना फोन केला. ते बोलले, त्यानं मंडली सोडली, बायको सोडली, आता मराच्या टायमाला आठवन झाली काय? मी नाय येनार. मंग कोनी तरी सांगलं, रोह्याच्या सिस्टर त्यातलं शिकल्यात." ती थांबली. "मना ठावं हाय, मी कुठं आलेय ते."

सिस्टरांचा चेहरा मला वाचता येईना. मग ताडकन उठल्या, फोन घेतला आणि पाळकांना लावला. हे शिकवणारे रेव्हरंड नव्हेत; पनवेलला राहून रोहा-पेणची मंडळीही सांभाळणारे दुसरे पाळक. स्पीकर चालू होता.

पाळक सुरुवातीला मऊ बोलले. तुमच्या दुःखात सहभागी वगैरे. मग म्हणाले, "पण सिस्टर, तुम्हीच सांगा. हा माणूस तुमच्याशी कसा वागला? इतकी वर्षं पापात राहिला. एकदा तरी आला का पश्चात्ताप करत? अशा माणसाला मी मंडळीच्या नावाने माती देऊ? तुमचाच अपमान आहे तो. मी हे तुमच्यासाठीच करतोय."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. फोन ठेवला. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

"मास्तरीण," त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या, "तो बोलला ना, ते एकेक अक्षर माझं होतं. इतकी वर्षं मी हेच म्हणतेय. आणि त्याच्या तोंडून ऐकलं तर किती घाण वाटलं गो."

मग वळल्या, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मेला तरी शेवटी मलाच कामाला लावलंन. चल, ऊन चढायच्या आत निघू. उन्हाळ्यात मढं कुणासाठी थांबत नाय." त्या बाईला म्हणाल्या, "आणि तू ते पाणी पी आधी. चक्कर येऊन पडलीस तर दोघांना मी एकटी कुठं उचलू?"

एसटीत तिघी एका बाकावर बसलो. सिस्टर खिडकीशी, ती बाई कडेला, मी मध्ये. रस्त्याचं काम चाललेलंच होतं, जिकडेतिकडे धूळ. एरवी या रस्त्यावर सिस्टरांचा ठरलेला शेरा असायचा, "देवाचं राज्य आणि हा हायवे, दोन्ही येणार येणार म्हणून ऐकतेय." त्या दिवशी तो शेरा राहून गेला. नागोठणं गेल्यावर माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. सुकटीचा मोह काहीच नाय. आजचा मोह बघ. तो आडवा, मी उभी, सगळं गाव ऐकायला गोळा झालेलं, आणि त्याला उलट बोलता येणार नाय. असा चान्स कुठल्या बायकोला मिळतो?"

"मग काय करणार?"

"मला काय माहीत! तोंड उघडल्यावर कळेल."

वडखळ आलं, मागे पडलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

घर एका बोळात होतं, दोन खोल्यांचं. बाहेर खाकी शर्टातले जुने ड्रायव्हर-कंडक्टर उभे होते. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. पेणमधली दोन-तीन ख्रिस्ती घरंही आली होती, ती मात्र जरा लांब, समोरच्या पडवीत. सिस्टर सरळ आत गेल्या. मी दाराशी थांबले.

त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि नर्स झाल्या. हनुवटी नीट बांधली, हात सरळ केले, कोमट पाणी मागवून तोंड पुसलं. इतक्या सवयीने, जणू वॉर्डातला कुणी पेशंट. मग कंगवा घेऊन केस उजवीकडे वळवायला लागल्या.

"नाय," ती बाई दबक्या आवाजात म्हणाली. "आता डावीकडं पाडायचे."

सिस्टरांचा हात हवेतच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग केस पुन्हा ओले केले आणि डावीकडे भांग पाडला.

पडवीतून मंडळीच्या कमिटीवरचे एक काका पुढे आले. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. "सलाम सिस्टर. तुमचं दुःख समजतो. पण विधी तुम्हाला करता येणार नाही. तुम्हाला अधिकार नाही. तुमचं शिक्षणही अजून पुरं नाही."

"बरोबर हाय," सिस्टर म्हणाल्या. "ज्याला अधिकार हाय तो पनवेलला पंख्याखाली बसलाय. तुम्ही करता? घ्या, पुस्तक देते."

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मग खांदा तरी द्या. त्याला अधिकार लागत नाय."

आणि काकांनी खरंच खांदा दिला.

गावाबाहेर ख्रिस्ती लोकांसाठी थोडीशी जागा आहे. खड्डा त्या बाईच्या भावांनी खणून ठेवला होता. मिठागरात बांध घालणारी माणसं, खड्ड्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. सिस्टरांनी शास्त्रातला उतारा वाचला. गायन सुरू केलं, त्यात पडवीतली माणसं आधी पुटपुटत आणि मग मोकळ्या आवाजात सामील झाली. कारखान्यातल्या बायकांना शब्द येत नव्हते, पण त्या हात जोडून उभ्या होत्या.

मग दोन शब्द बोलायची वेळ आली. सिस्टरांनी पुस्तक मिटलं. ऊन डोक्यावर होतं. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं कोण कोणाची कोण ते. एक कंडक्टर तर टोपी काढून ऐकायला चार पावलं पुढे सरकला होता.

"हा माणूस गाडी चांगली चालवायचा," सिस्टर म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत ह्याच्या गाडीखाली कुत्रं आलं नाय. घाईच्या माणसासाठी थांबायचा. स्टॉप नसला तरी थांबायचा." जरा थांबल्या. "स्टॉप नसताना थांबायची सवय त्याला फारच होती."

एसटीवाल्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकला काढला. कमिटीवाल्या काकांनी डोळे मिटले. आता सुरुवात झाली, आता हे थांबणार नाही, असं मला वाटलं. सिस्टरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी ओठ आवळले, खड्ड्यात पाहिलं, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"मी ह्याला माफ केलंय असं मी इथं म्हणणार नाय. खोटं बोलून कुणाला पुरायचं नसतं. आणि देवाला ते लगेच कळतं, मग तो माझ्यावर डाफरेल. देवाला ह्याला माफ करायचं असेल तर करू दे. ते त्याचं काम हाय, माझं नाय. फक्त मी आज एवढ्या माणसांसमोर देवालाच सांगते," त्यांनी वर पाहिलं नाही, खालीच बघत होत्या, "मी आडवी येणार नाय. माझ्यासाठी म्हणून कुणी ह्याला दारात अडवू नये. ना पाळकानं, ना तू. आमेन."

पहिली माती बायकोने द्यायची, म्हणून काकांनी मूठभर माती त्यांच्यापुढे धरली. सिस्टरांनी ती घेतली आणि त्या बाईचा हात ओढून तिच्या तळहातावर ठेवली.

"तू टाक. दुखण्यात कूस तू बदललीस त्याची."

"तुमी आधी..."

"टाक म्हणते ना. मी तुझ्या मागनं टाकते."

माती टाकली आणि कडेच्या ढिगावर हात ठेवून ती बाई ओरडून रडली. सिस्टर तिच्या मागे उभ्या राहिल्या, हातात आपली मूठ घेऊन, तिचं रडणं संपेपर्यंत. घाई केली नाही.

याचा गवगवा झालाच. पाळकांनी कमिटी बोलावली. अधिकार नसताना विधी केला, वर भर दफनविधीत पाळकांवर टीका केली, म्हणून सिस्टरांनी मंडळीची माफी मागावी असं ठरलं. त्या गेल्या. मी बाहेर पायरीवर बसले होते, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मागते की," सिस्टर म्हणाल्या. "मला क्षमा करा. आणि करताना जरा सांगा, कशी करतात ते. माझा त्या विषयाचा पेपर राहिलाय."

त्यानंतर बरेच महिने त्यांना उपासनेत बायबलचं वाचन दिलं गेलं नाही. त्या शेवटच्या बाकावर बसायच्या आणि पाळक दिसले की इतक्या मोठ्याने सलाम करायच्या की बिचाऱ्याच्या हातातलं गीतपुस्तक हलायचं. पुढे एका रविवारी उपदेश देताना पाळकांना घेरी आली. पहिल्या बाकावरचे सगळे प्रार्थना करायला लागले. सिस्टर शेवटून उठून आल्या, त्यांना आडवं केलं, पाय वर धरले आणि बीपी बघितलं. "मीठ कमी खा," म्हणाल्या, "आणि राग." पुढच्या रविवारपासून वाचन परत मिळालं.

क्षमेचा निबंध त्यांनी त्याच पावसाळ्यात लिहिला. एकाच बैठकीत, भांडी न घासता. अर्धं पान झालं. मी तपासला. त्यात एकही वेलांटी चुकली नव्हती. "क्षमा मला अजून जमलेली नाही. आडवं न येणं जमलं. ते त्या मानाने सोपं निघालं, फक्त बाजूला सरकायचं असतं, पण सरकायला मला तिशीपासून म्हातारपणापर्यंत वेळ लागला. पुढचं जमलं की कळवीन."

रेव्हरंडांनी नापास केलं. लाल शाईत लिहिलं, "निबंध फार त्रोटक. एकाही ग्रंथाचा आधार दिलेला नाही." आणि खाली, शाई बदलून, निळ्यात: "पुढच्या भागाची वाट बघतो."

सिस्टरांनी तो निकाल बाजारभर सांगितला. मासळीवालीलाही सांगितला. "मोहात पहिला वर्ग, क्षमेत नापास!" मासळीवालीला यातलं काही कळलं नाही, तरी तिने दोन बोंबील जास्त घातले.

माझी बदली झाली, मी घाटावर परत आले. मध्ये बरीच वर्षं जाणं झालं नाही. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने रोह्याला गेले तेव्हा आधी सिस्टरांकडे गेले. फाटक उघडं होतं. पडवीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये सुपात जवळा, निवडायला घेतलेला. पेणची बाई. कारखान्याला सुट्टी असली की ती एसटीने येते, संध्याकाळच्या गाडीने परत जाते, असं मला नंतर कळलं. कशाला येते, हे विचारायची गरज पडली नाही. त्या माणसाची निंदा करायची तर तिला दुसरीकडे कोण मिळणार होतं? आणि सिस्टरांना तरी?

मी आले म्हणून सिस्टर उठल्या नाहीत, गुडघे आता पुरते गेले होते. "बस गो. बीपी नंतर बघते," म्हणाल्या, आणि दोघींचं बोलणं माझ्यासमोर तसंच पुढे चालू झालं. तो कसा चहात बिस्किट बुडवून विसरायचा, कसा सणाला हटकून आजारी पडायचा. ती बाई जरा विरघळून म्हणाली, "काय पन म्हना, मानूस तसा चांगला व्हता."

"तुझ्याकडं चांगलाच असणार," सिस्टर जवळ्यातली काडी काढत म्हणाल्या. "मी घासूनपुसून पाठवला होता."

"घासला व्हता तं घोरायचा कसा गो एवढा?"

"ते डिझेल इंजिन होतं. त्याला मी काय करू?"

त्यावर त्या बाईला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी थांबेना, आणि तिचं बघून सिस्टरांनाही फुटलं. सूप कलंडलं, जवळा फरशीवर सांडला, मांजर धावत आलं, तरी दोघींना त्याचं भान नव्हतं. हसता हसता तोल जायला लागला तसा सिस्टरांनी तिचा दंड धरला. हसणं थांबलं, डोळे पुसून झाले, मांजराने पोटभर खाल्लं, तरी तो दंड त्यांनी सोडला नव्हता.